लोखंडाला एक दिवस

१९९१ च्या जुलैत वडिलांची सायकल बसच्या टपावर बांधून मी भालकी तालुक्यातल्या आमच्या गावाहून गुलबर्ग्याला एम. ए. करायला आलो. कलबुर्गी हे नाव सरकारदरबारी आले ते २०१४ साली. आमच्या तोंडी तेव्हा गुलबर्गाच होते. बिदर-गुलबर्गा रेल्वेही नव्हती, ती धावू लागली २०१७ साली. मला खोली मिळाली जुन्या गावात आणि विद्यापीठ होते सेडम रस्त्याला, शहराबाहेर आठ-दहा किलोमीटर. जाऊन-येऊन रोजचे वीस किलोमीटर पडत. बसच्या भाड्यापेक्षा सायकल परवडेल, असा वडिलांचा हिशेब होता.

सायकल जुन्या घडणीची, काळी, दांडीची, अठ्ठावीस इंची. पुढच्या चाकाला बत्तीस तारा, मागच्याला चाळीस. गावात तिच्या सगळ्या खोडी सगळ्यांना ठाऊक होत्या. कोणत्या चढावर ती कुरकुरते आणि कोणत्या पायडलवर जोर द्यायचा नाही, हे शेजारची पोरेसुद्धा सांगत. नव्या शहरात मात्र मी जसा परका, तशी तीही परकी झाली. तिचे दुखणे ओळखणारे तिथे कोणी नव्हते.

आठवड्याभरात चेन सटकू लागली. मी एका दुकानात गेलो. कन्नड मला जेमतेम येत होते. घरी मराठी, शाळा मराठी, बाजारापुरते दख्खनी. भाषेची भीती होती म्हणून घोकून ठेवलेले एकच वाक्य बोललो : चेन पाहिजे. सुदैवाने चेनला आपल्याकडच्या तिन्ही भाषांत चेनच म्हणतात. फ्रीव्हील, रिम, हब, कॉटर पिन हे शब्द कुठेही चालतात. सीमाभागातल्या माणसांना ज्या गोष्टींवर भांडावेसे वाटत नाही, त्यांत सायकलचे सुटे भाग आहेत. दुकानदाराने चेन दिली, बसवून दिली, वाजवी पैसे घेतले. जुनी चेन मी पिशवीत टाकून आणली, कारण आमच्या घरी लोखंड टाकून देण्याची रीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी चढावर उभा राहून पायडल मारले आणि चेन फ्रीव्हीलच्या दात्यांवरून सर्रकन घसरली. गुडघा हँडलवर आदळला आणि मी रस्त्यावर आडवा झालो. मागून ट्रक येत होता. चालकाने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून आज हे लिहितो आहे. जुनी चेन कधीमधी सटके, नवी तर प्रत्येक जोराला घसरत होती. नवा भाग घातल्यावर सायकल आणखी कशी बिघडते, ते मला कळेना.

लंगडत सायकल ढकलत चाललो असता रस्त्याच्या कडेला, लिंबाच्या झाडाखाली, एक म्हातारे मिस्त्री बसलेले दिसले. पत्र्याची पेटी, पाण्याची घमेली, हवा भरायचा पंप, एवढेच त्यांचे दुकान. मी पुन्हा घोकलेले वाक्य म्हटले : चेन खराब आहे, बदलायची आहे. त्यांनी चेनकडे पाहिलेच नाही. माझ्याकडे पाहून विचारले, "कां के? रोज कां जाना?" मी सांगितले. "सामान क्या रहता?" पुस्तके, म्हटले. "पैसे कित्ते हैं?" हा प्रश्न मला टोचला. पण खरे तेच सांगितले, कारण लपवण्याइतके पैसेच नव्हते.

मग त्यांनी सायकल उलटी केली, फ्रीव्हील फिरवले आणि दात्यांवर माझे बोट ठेवले. दाते एका बाजूला झिजून कलले होते. त्यांनी जे समजावले ते माझ्या शब्दांत असे : नव्या चेनच्या पिना एकमेकींपासून बरोबर अर्ध्या इंचावर असतात, म्हणजे चोवीस कड्यांचे माप बारा इंच भरते. वापरून वापरून पिना झिजतात आणि तेच माप अष्टमांश इंचाने वाढते. चेन ताणली असे आपण म्हणतो; खरे तर पोलाद ताणत नाही, सांध्यात झिजते. आणि तिच्याबरोबर फ्रीव्हीलचे दातेही झिजत जातात. वडिलांची चेन आणि वडिलांचे फ्रीव्हील अशी वर्षानुवर्षे एकमेकांच्या मापाने झिजली होती. त्यात मी नवी चेन आणून घातली. ती निर्दोष होती, पण त्या दात्यांशी तिचे जमणार नव्हते.

"तो फ्रीव्हील बी डाल दो," मी म्हटले.

"नक्को," मिस्त्री म्हणाले. "अब्बी नक्को. पुरानी चेन कां है?"

त्यांनी जुनी चेन पुन्हा चढवली, ती थोडी आखडून घेतली, सैल झालेली कॉटर पिन ठोकली आणि दोन रुपये घेतले. नवी चेन तेलाच्या कागदात गुंडाळून ठेव, पैसे आले की फ्रीव्हील घे, मग दोन्ही एकदम बसवू, असे सांगितले. मागच्या हबचा एक कोनही झिजला होता. त्याला जुळणारा माझ्याकडे नाही म्हणून त्यांनी मला दुसऱ्या दुकानाचा रस्ता दाखवला. फ्रीव्हील मात्र त्यांच्या पेटीत होते, मला दिसत होते. विकले असते तर मी उसनवारी करून घेतले असते. दिवसभरात तेवढी एकच विक्री झाली असती, असाही तो दिवस असेल.

दख्खनीतले 'नक्को' हे आपल्या मराठीतल्या 'नको'वरून आले, हे पुढे कुठेतरी वाचले तेव्हा मला ते लिंबाचे झाड आठवले. परक्या गावात परक्या माणसाने माझ्याच भाषेतला एक शब्द मला परत दिला होता, आणि तोही स्वतःची विक्री बुडवून.

ही गोष्ट मी तीस-पस्तीस वर्षे मनात घोळवत आलो आहे. तिच्यात एक नैतिक प्रश्न आहे, आणि तो वाटतो तितका सोपा नाही. पहिल्या दुकानदाराने माझे काय बिघडवले? तो खोटे बोलला नाही. माल खोटा दिला नाही. जास्त पैसे घेतले नाहीत. मी चेन मागितली, त्याने चेन दिली. उलट चूक माझीच म्हणायला हवी. दुखणे सांगायचे सोडून मी औषध मागितले. चेन सटकते असे म्हणालो असतो तर त्याने कदाचित फ्रीव्हील पाहिले असते. आपण सल्ला विचारतो तेव्हा पुष्कळदा उत्तर आधीच ठरवलेले असते आणि फक्त मान डोलावणारा हवा असतो. आपली अडचण, आपले अज्ञान आणि आपली ऐपत या तिन्ही गोष्टी उघड केल्याशिवाय खरा सल्ला मिळत नाही. आणि नव्या गावात नेमक्या याच तीन गोष्टी झाकण्याकडे आपला कल असतो.

एवढे मान्य करूनही मला वाटते की त्या दुकानदाराकडे काहीतरी बाकी राहिले. त्याला कळत होते आणि मला कळत नव्हते. या दोहोंतल्या अंतरावर कोणाचा हक्क?

आपल्या भागाने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. आजचे बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी. तिथे सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. पुढे इंग्रजी अमदानीत बंगाल सोडून बहुतेक हिंदुस्थानात वारशाचे निवाडे तिच्या आधारे होत. वारशामुळे ती प्रसिद्ध असली, तरी याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायात खरेदी-विक्रीचाही विचार आहे. विकत घेतलेली वस्तू पारखून पाहायला घेणाऱ्याला किती मुदत असावी, हे तिथे सांगितले आहे. बियाण्याला दहा दिवस, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात, दुभत्या जनावराला तीन आणि लोखंडाला एक. त्याच यादीत दासदासींचीही मुदत आहे. ते वाचताना मान खाली जाते. पण मुदतीमागचा विचार शहाणपणाचा आहे. विकणाऱ्याला वस्तू माहीत असते, घेणाऱ्याला ती वापरल्याशिवाय कळत नाही. म्हणून घेणाऱ्याला काही दिवस दिले पाहिजेत. बियाणे उगवते की नाही हे कळायला दहा दिवस लागतात, लोखंड एका दिवसात कळते.

माझी चेनही एका दिवसात कळली. पण नियम लावायचा तर मला काहीच मिळाले नसते, कारण चेनीत दोष नव्हता. दोष होता तो न मिळालेल्या सल्ल्यात. वस्तू परत करता येते, तिची मुदत ठरवता येते. सल्ल्याची मुदत कशी ठरवणार? कोणता सल्ला दुसऱ्या दिवशी कळतो, कोणता वीस वर्षांनी, आणि काही तर कळतच नाहीत. आपण चुकीच्या रस्त्याने आलो हे न कळताच माणूस मुक्कामाला पोचतो आणि रस्ता दाखवणाऱ्याला दुवा देतो.

गावात या गोष्टीला एक आधार असतो. सल्ला देणारा उद्या पारावर भेटणार असतो. त्याची पत सल्ल्याला तारण असते. शहरात नव्याने आलेल्या माणसापुढे हे तारण नसते. त्याला फसवले तरी चावडीवर चर्चा होणार नाही. त्यातून त्याची भाषा वेगळी असली, तर तक्रार करायलाही त्याच्याजवळ शब्द नसतात. म्हणून माझ्या मते एखाद्या गावाची नीती पाहायची तर तिथल्या देवळांच्या कळसांकडे पाहू नये. तिथे काल आलेल्या माणसाला आज सुटा भाग कसा मिळतो, ते पाहावे.

जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात एका दुकानदाराचे उदाहरण घेतले आहे. हा दुकानदार अननुभवी गिऱ्हाइकाला जास्त भाव लावत नाही. लहान मूल आले तरी तोच भाव. कांट विचारतो, एवढ्यावरून तो सचोटीचा ठरतो का? सचोटीने धंदा वाढतो, म्हणूनही तो तसा वागत असेल. कृती योग्य आहे, पण ती कर्तव्यबुद्धीने झाली की फायद्यासाठी, हे बाहेरून दिसत नाही.

हे वाचल्यावर मला माझ्या मिस्त्रींविषयी शंका आली, हे कबूल करतो. मला 'नक्को' म्हणून त्यांनी दोन वर्षांचे गिऱ्हाईक जोडले नाही का? फ्रीव्हील मी पुढे त्यांच्याकडूनच घेतले. बाभळीच्या काट्यांची पंक्चरे, चाकाचा आऊट काढणे, ओव्हरहॉलिंग, सगळे त्यांच्याकडेच. म्हणजे त्यांचा 'नक्को' हीसुद्धा एक गुंतवणूकच झाली.

पण मला दुसरा एक दिवस आठवतो. १९९३ साली शिक्षण संपवून मी गुलबर्गा सोडत होतो. सायकल बसवर चढवण्याआधी मिस्त्रींकडे गेलो. मागचा टायर गुळगुळीत झाला होता. "कल गाँव जारा, वापस नै आता. टायर बदल दो," मी म्हणालो. हातात शिकवणीचे पैसे होते. त्यांनी टायर अंगठ्याने दाबून पाहिला, चाक एकदा फिरवले. "बारिश निकलती इस पो. गाँव में डाल लेना." उद्यापासून जो कधीच दिसणार नाही, त्या गिऱ्हाइकालाही त्यांनी नकोच म्हटले. कांटची कसोटी मला ठाऊक आहे. ती इतकी स्वच्छ उतरलेली मी पुन्हा पाहिली नाही.

त्यांना याविषयी विचारले असते तर ते हसले असते. बाराव्या शतकात याच कल्याणात शरणांनी कायक हा शब्द मोठा केला : आपापले काम हीच पूजा. त्यांच्यात चांभार होते, नावाडी होते, आणि ते आपल्या धंद्याच्या नावानेच ओळखले जात. मिस्त्रींनी तो शब्द त्या अर्थाने ऐकला होता की नाही, कोण जाणे. त्यांना चाक सरळ फिरलेले आवडे, एवढे मी पाहिले आहे.

इथपर्यंतचे मी शाळेत मुलांना अनेकदा सांगितले आहे. पुढचे कधी सांगितले नाही.

२०१६ च्या जूनमध्ये एक गृहस्थ माझ्या टेबलासमोर येऊन बसले. उदगीर भागातून नोकरीनिमित्त आमच्या गावी आलेले. मुलगी आठवीत जाणार होती. त्यांनी विचारले, "सर, आम्ही इथं नवीन. मराठी माध्यमात घालू का कन्नड? तुम्हीच सांगा." मी त्या शाळेत नुकताच मुख्याध्यापक झालो होतो. आठवीचा पट घसरला होता. तुकडी गेली असती तर शिक्षक अतिरिक्त ठरले असते, आणि त्यांतला एक माझा जुना सहकारी होता.

मी मराठी सांगितले. मातृभाषेतून शिकण्याविषयी बोललो आणि जे बोललो ते सगळे खरे होते. आजही मी ते मानतो. पण मी त्यांना विचारले नाही की तुम्ही इथे किती वर्षे राहणार, मुलीला पुढे काय व्हायचे आहे, घरी कन्नड बोलणारे कोणी आहे का. दहावीनंतर विज्ञान घ्यायचे तर इंग्रजीतून शिकावे लागेल, आणि राज्यात नोकरी करायची तर कन्नड पक्के लागेल, म्हणून आठवीपासूनच दोन्हीची वेगळी तयारी करून घ्या, हेही सांगितले नाही. उलट उठता उठता म्हणालो, "शिवाय आठवीला सायकल मिळते." आठवीच्या मुलांना सरकारी सायकली देण्याची योजना राज्यात २००६-०७ साली सुरू झाली होती. ती सायकल पलीकडच्या कन्नड शाळेतही मिळत होती. मी खोटे बोललो नाही. फक्त एवढे म्हणालो की आमच्याकडे मिळते.

मुलगी हुशार होती. दहावीला चांगले गुण मिळाले. अकरावीला तिने विज्ञान घेतले, इंग्रजीने तिला घेरले आणि वर्षभरात शाखा बदलावी लागली. कारण तेवढे एकच असेल असे नाही. पण चेन नवी होती, दाते दुसऱ्या मापाचे होते, आणि ते मला आधी दिसत होते. तिच्या वडिलांना दिसत नव्हते, म्हणून तर ते विचारायला आले होते.

२०२१ साली ते मला बिदरच्या बसस्थानकावर भेटले. त्यांनी हात जोडले. "सर, नव्या गावात तुम्ही मार्ग दाखवला, तुमचे उपकार आहेत." मी काय बोललो ते आठवत नाही. बस आली, ते गेले. एवढे आठवते की त्या दिवशी मला कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

मी मराठी सांगितले यात चूक होती, असे मला म्हणायचे नाही. सगळे विचारून, सगळे सांगून कदाचित मी मराठीच सांगितले असते, आणि ते योग्यही ठरले असते. पण तो सल्ला मी मुलीसाठी दिला नव्हता, तुकडीसाठी दिला होता. महाभारतात शल्य कर्णाचा सारथी होतो. घोड्यांची विद्या त्याच्याइतकी फार थोड्यांना येत होती. पण त्याने आधीच युधिष्ठिराला शब्द दिलेला असतो आणि तो रथ हाकता हाकता कर्णाचे तेज उतरवत जातो. शल्याच्या ज्ञानात खोट नव्हती. तो ज्या रथावर बसला होता, त्या रथाचा तो नव्हता. त्या जूनमध्ये मीही त्या मुलीच्या रथावर बसलो होतो, आणि शब्द दिला होता तो पटाच्या रजिस्टरला.

आपला स्वार्थ नसेल तिथेच सल्ला द्यावा, असे कोणी म्हणेल. ते शक्य नाही. ज्याला फ्रीव्हीलमधले कळते, तोच फ्रीव्हील विकत असतो. डॉक्टर, वकील, बियाणे विकणारा, शाळेचा मुख्याध्यापक, ज्यांना विचारावे अशा बहुतेकांचा विचारण्यात काही ना काही वाटा असतोच. मग उरते ते एवढेच, की तो वाटा समोरच्याला दिसेल असा टेबलावर ठेवावा, स्वतः बोलण्याआधी त्याला विचारावे, आणि 'नको' म्हणायची वेळ आली तर ते म्हणता यावे.

अलीकडे जूनमध्ये नवे पालक येतात तेव्हा मी आधी माझी बाजू सांगतो. पट कमी आहे, तुमचे मूल आले तर मला हवेच आहे, हे लक्षात ठेवून माझे ऐका, असे म्हणतो. मग कुठून आलात, किती दिवस राहणार, घरी काय बोलता, हे विचारतो. मग जे कळते ते सांगतो, पलीकडच्या शाळेत काय चांगले आहे तेही. आणि शेवटी म्हणतो, आज अर्ज भरू नका. घरी जा, मुलाशी बोला, उद्या या. लोखंडालासुद्धा एक दिवस असतो.

माझे सहकारी यावर नाराज आहेत, आणि त्यांचे चुकते असेही म्हणवत नाही. या जूनमध्ये तिघे आले होते. दुसऱ्या दिवशी एक परत आला. दोघे पलीकडच्या शाळेत गेले. त्यांतल्या एकाने जाताना फाटकापाशी सायकल थांबवून नमस्कार केला. आठवीची तुकडी यंदापुरती टिकली आहे.